‘द लिस्ट ऑफ बसेस फ्रॉम स्वारगेट’ या कर्त्यानंतर ‘इज’ वापरावे की ‘आर’?

येथे ‘इज’च बरोबर आहे, कारण क्रियापदाचे वचन लगतच्या नामावरून नव्हे, तर कर्त्यातील मुख्य नामावरून ठरते, आणि ते मुख्य नाम ‘लिस्ट’ एकवचनी आहे. ‘ऑफ’पासून ‘स्वारगेट’पर्यंतचा भाग केवळ त्याचे वर्णन करतो. पुण्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना ही चूक मला वारंवार दिसते, आणि तिचे मूळ निष्काळजीपणात नसून वाक्यरचनेत आहे: ‘स्वारगेटहून सुटणाऱ्या बसगाड्यांची यादी भिंतीवर लावली आहे’ या वाक्यात वर्णन आधी आणि ‘यादी’ नंतर येते, त्यामुळे क्रियापद सहज तिच्याशी जुळते, इंग्रजीत मात्र वर्णन नामानंतर येत असल्याने ‘बसेस’ हे अनेकवचन मध्ये येते आणि कानाला ‘आर’ योग्य वाटू लागते. शंका आल्यास ‘ऑफ’पासूनचा भाग बोटाने झाकून वाक्य वाचावे. ही युक्ती सर्वत्र चालत नाही: ‘अ नंबर ऑफ बसेस’ म्हणजे अनेक बसगाड्या, म्हणून तेथे ‘आर’ येते, तर ‘द नंबर ऑफ बसेस’ म्हणजे त्यांची संख्या, म्हणून तेथे ‘इज’.