दर सहा महिन्यांनी एक अल्बम

चि. यास / हिस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची चार गाणी मिळाली. गाणी तीनदा ऐकली. त्यांच्याविषयी सवडीने लिहीन. आज लेखणी उचलली ती पत्राच्या शेवटी तू घाईने जोडलेल्या दोन ओळींमुळे. एका कंपनीने करार पुढे केला आहे, त्यात वर्षाला दोन अल्बम देण्याची अट आहे, आणि सगळे रेकॉर्डिंग घरीच होत असल्याने ती सहज पाळता येईल, असे तुझे म्हणणे. सही करण्यापूर्वी एवढे एक कर: एमिट रोड्स या अमेरिकन गायकाचे सत्तरच्या दशकातले अल्बम लागोपाठ ऐक.

लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्न या गावात तो वाढला. ‘बीच बॉइज’ या बँडचे विल्सन बंधूही तिथलेच. पोरवयात एका बँडमध्ये ड्रम वाजवले, मग ‘द मेरी-गो-राउंड’ या बँडचा तो गायक आणि गीतकार झाला. बँड मोडल्यावर आईवडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये त्याने चार ट्रॅकचे, म्हणजे एकाच फितीवर चार आवाज वेगवेगळे भरणारे, यंत्र बसवले आणि पियानो, गिटार, बास, ड्रम, सगळे आवाज असे एकट्याने भरत १९७० साली स्वतःच्या नावाचा अल्बम बाहेर काढला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्याच वर्षी बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीनेही घरी एकट्याने वाजवून केलेला अल्बम आला होता आणि दोघांच्या गळ्याची जातही मिळतीजुळती, त्यामुळे ‘एकट्याचे बीटल्स’ हा शिक्का रोड्सवर बसला तो कायमचाच. माझ्या मते या कौतुकाने त्याचे नुकसानच केले, कारण लोक त्याच्यात दुसऱ्याला शोधत राहिले.

त्याची गाणी वर्षानुवर्षे बाजारात धड मिळत नव्हती. २००९ साली ‘हिप-ओ सिलेक्ट’ या कंपनीने १९६९ ते १९७३ या काळातले चारही अल्बम दोन डिस्कमध्ये पुन्हा प्रसिद्ध केले. त्यातला ‘द अमेरिकन ड्रीम’ आधी ऐक. ते त्याचे आधीचे काम आहे. जुन्या कंपनीकडे पडून असलेल्या ध्वनिमुद्रणांचा तो संच, आणि नव्या अल्बमची चर्चा होताच तिने तो बाजारात आणला. एकाच गायकाचे दोन अल्बम दुकानात एकमेकांसमोर उभे राहिले. कपाटात राहिलेली गाणी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न तुझ्याही करारात असणार आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

त्यानंतर १९७० चा अल्बम हेडफोन लावून ऐक. ‘फ्रेश अॅज अ डेझी’ मध्ये एकच माणूस स्वतःच्याच आवाजाला दुसरा, तिसरा आवाज जोडतो, तेव्हा श्वास कुठे घेतला आहे याकडे लक्ष दे. चार ट्रॅकच्या यंत्रावर जागा संपली की आधीचे तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवावे लागतात आणि मग रिकाम्या झालेल्या तीनांवर पुढचे वाजवायचे. एकदा उतरवले की त्यातला बास कमी करता येत नाही, ड्रम वाढवता येत नाही आणि प्रत्येक उतरवणीबरोबर फितीची खरखर थोडी वाढते. तुझ्या संगणकावर शंभर ट्रॅक आहेत आणि चूक पुसण्याचे बटणही. फितीवर काम करणाऱ्याला पुढची चार वाद्ये मनात ऐकू आल्याशिवाय पहिले वाद्य कसे वाजवायचे ते ठरवता येत नसे. याच अल्बमवर ‘ललबाय’ नावाचे जेमतेम एका मिनिटाचे अंगाईगीत आहे. ते २००१ सालच्या ‘द रॉयल टेनेनबॉम्स’ या चित्रपटात वापरले गेले. तुझे तिसरे गाणे साडेपाच मिनिटांचे का आहे, हे या मिनिटभरानंतर स्वतःला विचार.

रोड्सला ‘उपेक्षित’ म्हणण्याची आता पद्धत पडली आहे. ते मला पुरते पटत नाही. १९७० चा अल्बम ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत २९ व्या क्रमांकापर्यंत गेला होता आणि ‘फ्रेश अॅज अ डेझी’ गाण्यांच्या यादीत ५४ व्या. श्रोते आले होते. अडचण कागदावर होती. तो अल्बम काढणाऱ्या डनहिल कंपनीशी झालेल्या करारानुसार त्याला तीन वर्षांत सहा, म्हणजे दर सहा महिन्यांनी एक अल्बम देणे भाग होते, आणि सगळी वाद्ये स्वतः वाजवणाऱ्या त्या मुलाला पहिल्याच अल्बमला वर्षाच्या आसपास वेळ लागला होता. मुदत हुकली तशी कंपनीने त्याच्यावर अडीच लाख डॉलरचा दावा लावला आणि रॉयल्टी रोखून धरली.

हे मनात ठेवून १९७१ चा ‘मिरर’ ऐक. त्यात गाणी आहेत, ‘रियली वाँटेड यू’ तर पहिल्या अल्बमच्या तोडीचे आहे, पण पहिल्या अल्बममध्ये प्रत्येक वाद्य जसे आपल्या जागी येऊन बसते तसे इथे नेहमी होत नाही. काही ठिकाणी मला घाई ऐकू येते. यादीत तो १८२ च्या वर चढला नाही. १९७३ चा ‘फेअरवेल टू पॅरडाइज’ अधिक संथ, अधिक आतल्या आवाजातला. मला तो आवडतो, पण गाणारा दमलेला आहे हे लपत नाही. तेव्हा त्याचे वय तेवीस होते. त्यानंतर तो इतरांची गाणी रेकॉर्ड करून देण्याच्या कामाला लागला आणि स्वतःचा पुढचा अल्बम, ‘रेनबो एंड्स’, आला तो २०१६ साली. २०२० मध्ये तो गेला.

तारुण्यात मीही एका कॅसेट कंपनीच्या कागदावर उभ्या उभ्या सही केली होती; नाव लिहीत नाही. टेबलावर चहा येईपर्यंत सही होऊन गेली होती. ‘अल्बम पूर्ण झाला’ हे कंपनीने लेखी मान्य केल्यावरच तो पूर्ण धरला जाईल, असे एक वाक्य त्यात होते. तयार फीत सात महिने त्यांच्या कपाटात होती आणि कागदोपत्री उशीर माझा होता.

तेव्हा तुझ्या करारात इतके शोध: अल्बम तू दिलास त्या दिवशी पूर्ण धरणार की त्यांनी स्वीकारल्यावर, मुदत हुकली तर रॉयल्टी थांबवण्याचा हक्क त्यांना आहे का, न वापरलेली गाणी आणि मूळ ध्वनिमुद्रणे कोणाची, आणि आगाऊ रक्कम पहिल्या अल्बमच्या विक्रीतूनच वळती होणार की सगळ्या अल्बमच्या. या चार गाण्यांना तुला किती महिने लागले, तेही खरे लिहून कळव. कराराची सगळी पाने, परिशिष्टांसकट, पाठव. माझ्या ओळखीचे एक वकील अशी कागदपत्रे पाहतात. तोवर कंपनीला उत्तर देऊ नकोस.

तुझा,
काका