दुर्बीण राहू द्या, आधी एम ६७ उघडा

प्रश्न : मुलगी बार्शीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. तारकागुच्छातले रूपविकारी, म्हणजे उजेड कमीजास्त होणारे तारे शोधून त्यांचे प्रकार लावायचे म्हणते आणि त्यासाठी दीड लाखाची दुर्बीण मागते. घरच्यांचं मत, बी.एड. करून शिक्षिका व्हावं. यात पोट भरतं का? – एक आई

उत्तर : ताई, दुर्बीण घेऊ नका. ते पैसे एम.एस्सी.साठी ठेवा, पुण्या-मुंबईत राहण्या-खाण्यातच जातील. आकाश बघायची हौस असेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, त्यांच्या आकाशदर्शनाला पाठवा. मुलगी म्हणते ते काम मात्र आता बहुतेक लॅपटॉपवरच होतं.

कर्क राशीत एम ६७ नावाचा खुला तारकागुच्छ आहे. वय सुमारे ४ अब्ज वर्षं, अंतर २,८०० प्रकाशवर्षांच्या आसपास. गुच्छातले तारे एकाच ढगातून, साधारण एकाच वेळी जन्मलेले असतात, त्यामुळे वय आणि अंतर एकदा ठरलं की सगळ्यांना लागू पडतं. एकट्यादुकट्या ताऱ्याचं वय काढणं महाकठीण. म्हणून गुच्छातला रूपविकारी तारा जास्त मोलाचा. नासाच्या केप्लर दुर्बिणीने २०१५ मध्ये सुमारे अडीच महिने या गुच्छाच्या नोंदी घेतल्या. त्या कोणालाही फुकट मिळतात.

मुलीला सांगा, त्यातला एएच कँक्री घे, प्रकाशवक्र (वेळेनुसार उजेडाचा आलेख) काढ आणि आवर्तकाल (एका फेरीला लागणारा वेळ) शोध. संगणक बहुधा ४ तास २० मिनिटं सांगेल, आणि ते चूक असेल. एएच कँक्री म्हणजे खरं तर दोन तारे, एकमेकांना चिकटून फिरणारे. एका फेरीत दोनदा झाकाझाकी होते, दोन्ही वेळची घट जवळपास सारखी, म्हणून संगणक अर्धीच फेरी पूर्ण समजतो. खरा आवर्तकाल साधारण ८ तास ४० मिनिटं. त्याच गुच्छातला ईएक्स कँक्री सव्वा तासाच्या आसपास कमीजास्त होतो, पण तिथे कोणी कोणाला झाकत नाही; तो ताराच स्पंदन पावतो, म्हणजे फुगतो-आकसतो. हा डेल्टा स्कुटी प्रकार. शिवाय त्या दिशेला दिसणारा प्रत्येक तारा गुच्छातलाच असतो असं नाही. कोणी अलीकडचा, कोणी पलीकडचा. युरोपच्या गाया यानाने मोजलेलं अंतर आणि निजगती (आकाशात सरकण्याचा वेग) जुळली, तरच त्याला घरचा म्हणायचं. दाटीत शेजाऱ्याचा उजेड मिसळतो, ती कटकट वेगळीच.

हे असं शेकडो ताऱ्यांसाठी करायचं असतं. दिवाळीच्या सुट्टीत तिला पायथन ही संगणकाची भाषा शिकून एवढे दोनच तारे करू द्या. तिसरा तारा तिने स्वतःहून उघडला, तर मी तिच्या बाजूने आहे. कंटाळली तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

पुढचं शिक्षण सरळ आहे : ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग पीएच.डी. त्यासाठी खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था : पुण्यात आयुका आणि एनसीआरए, बंगळुरूला आयआयए, नैनितालला एरीज. एरीजमध्ये तर खुल्या गुच्छांतल्या रूपविकारी ताऱ्यांवर बरीच वर्षं काम चालू आहे. नेट परीक्षेतून मिळणारी ज्युनियर फेलोशिप (संशोधनाचं विद्यावेतन) २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, तेव्हा पीएच.डी.ला घरून पैसे पाठवायची वेळ सहसा येत नाही.

पोटाचा खरा प्रश्न त्यानंतरचा. पीएच.डी.नंतर काही वर्षं पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरती संशोधकाची नोकरी, बहुतेकदा परदेशात, दोन-तीन वर्षांच्या करारावर. कायमच्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. तिशी उलटली तरी स्थिर नोकरी नाही, ही तयारी ठेवावी लागते. लग्नाचा विषय घरात निघेल तेव्हा हे आठवा. बरेच जण मधूनच डेटा सायन्सकडे वळतात आणि त्यांचं बरं चालतं, कारण काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांतून अर्थ काढायची सवय तिथेही लागते.

बी.एड.ची घाई नको. ज्युनियर कॉलेजला शिकवायचं तरी एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतात, म्हणजे एम.एस्सी. कुठेच वाया जात नाही. एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात राहिली : पहिल्या वर्षाचे तिचे गणिताचे मार्क. तेवढे कळवा.