मूळ इंजिन की जुळत्या नंबरांची गाडी?

प्रश्न असा आहे: १९६९ च्या शेव्हरोले कॅमारो या अमेरिकन गाडीच्या जाहिरातीचं मराठी करताना ‘मॅचिंग नंबर्स’ला (म्हणजे इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो, याला) ‘मूळ इंजिन असलेली’ म्हटलं तर चालेल का? माझ्या मते नाही. ‘जुळत्या नंबरांची गाडी’ म्हणा. ‘क्रमांक’ही चुकीचा नाही, पण गॅरेजात कोणी क्रमांक विचारत नाही.

आपल्याकडे नंबर जुळवायचे म्हटलं की आरसी बुक आठवतं. त्यात इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही असतात, गाडीवरचे त्यांच्याशी ताडून पाहिले की झालं. अमेरिकेत मालकीच्या कागदावर सहसा गाडीचाच नंबर (पाटीवरचा नव्हे, कारखान्याने दिलेला, आपल्या चासी नंबरासारखा) असतो, इंजिनाचा नसतो. म्हणून तिथे इंजिनावर काय ठोकलंय याला एवढी किंमत.

कॅमारोत उजवीकडच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर, एक छोटी सपाट जागा असते. तिथे सहसा दोन गोष्टी पंच केलेल्या सापडतात. ‘व्ही०२१२डीझेड’ असा कोड असेल तर ते इंजिन फ्लिंटच्या कारखान्यात १२ फेब्रुवारीला बांधलेलं, झेड/२८ या जोरदार कॅमारोसाठीचं ३०२ घन इंचाचं. शेजारी गाडीच्या नंबराचा तुकडा. ‘जुळणं’ म्हणतात ते या तुकड्याचं. ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतकामाची तारीख निराळी असते: ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ म्हणजे फेब्रुवारी. आधी ओतकाम, मग इंजिन, मग गाडी. हा क्रम उलटा लागला तर नंबर जुळूनही काही खरं नाही.

गाडीचा नंबर स्वतः फारसं बोलत नाही. इंजिन सहा सिलिंडरचं की आठ, एवढंच त्यावरून कळतं. नेमकं कोणतं इंजिन, हे शेव्हरोलेने १९७२ पासून नंबरात घातलं. फोर्डवाले त्या मानाने सुखी; साठच्या दशकातल्या मस्टँगच्या नंबरात पाचवं अक्षर ‘के’ दिसलं की २८९ घन इंचाचं जास्त ताकदीचं इंजिन.

आता ‘मूळ’ का नको? इंजिन पुन्हा बांधताना ब्लॉकचं फेसिंग केलं, म्हणजे वरचा पृष्ठभाग घासून सपाट केला, तर ती सपाट जागाही घासली जाते आणि पंच पुसतो. इंजिन जन्मापासूनचंच, पण जुळवायला नंबरच उरत नाही. उलट दुसऱ्याच गाडीचा ब्लॉक घासून त्यावर हवा तो नंबर ठोकणारे महाभागही आहेत. तिथे नंबर जुळतो, इंजिन मात्र उपरं. जाणकार त्या जागेवर कारखान्यातल्या यंत्राने उमटलेल्या बारीक समांतर रेघा शिल्लक आहेत का ते आधी बघतात, आकडे नंतर.

तिसरा प्रकारही जाहिरातींत भेटतो: इंजिन बदललेलं, पण कोड योग्य आणि तारखा गाडीच्या आधीच्या. त्याला ‘तारखेला धरून असलेलं इंजिन’ म्हणता येईल. ‘अस्सल’ हा शब्द मी सुट्या भागांसाठी ठेवीन, कंपनीचा भाग की नक्कल एवढ्यापुरता.

तुमच्या विक्रेत्याला ‘मूळ’च हवं असेल, तर शेव्हरोलेच्या वॉरंटी पुस्तिकेत चिकटवलेली धातूची छोटी पट्टी त्याच्याकडे आहे का ते विचारा. तिच्यावर गाडीच्या नंबरासोबत इंजिनाचा कोडही उठवलेला असतो. नसेल, तर ‘जुळत्या नंबरांची’वरच थांबा.