'अलायस स्मिथ अँड जोन्स' ही अमेरिकन वेस्टर्न टीव्ही मालिका पुन्हा बघणार असशील तर

सुरुवात १९७१च्या पायलटपासूनच, म्हणजे पहिल्या भागापासूनच कर, मधला कुठलाही भाग उचलू नकोस. हॅनिबल हेझ आणि किड करी या दोघा दरोडेखोरांना वायोमिंगचा गव्हर्नर माफीचं आश्वासन देतो. पण वर्षभर सरळ वागायचं आणि तोवर कुणाला कळू द्यायचं नाही. म्हणजे डोक्यावरचं बक्षीस तसंच! ही अट मनात पक्की असली की पुढची प्रत्येक थाप जास्त रंगते.

मग लगेच मॅकक्रीडीचा भाग बघ. सीझरच्या अर्धपुतळ्यावरून दोन गडगंज रँचवाले हटून बसलेत, मध्ये रिओ ग्रांदे नदी, आणि हेझ-किड मात्र कात्रीत. त्यातला एक रँचवाला मॅकक्रीडी, बर्ल आइव्हजने रंगवलेला, काय चिक्कू आहे! या भागात हेझ बोलत असताना किडचा चेहरा बघत राहा. निम्मी गंमत तिथेच आहे.

एक आधीच सांगून ठेवते. हेझ झालेला पीट ड्यूएल १९७१च्या ३१ डिसेंबरला वारला आणि मालिका चालू असतानाच ती भूमिका रॉजर डेव्हिसकडे आली. डेव्हिस वाईट नाही, पण ड्यूएलचा मिस्कीलपणा वेगळाच होता. ड्यूएलचे भाग घाईने संपवू नकोस, रोज एकच बघ.