ओव्हन नाही, मुलं दोन आणि परात एक

प्रश्न: मुलांना सुट्टी लागलीये. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चारची, आणि दोघांचं दिवसभर "आई केक करूया ना" चालू असतं. माझ्याकडे ओव्हन नाही, घरात अंडं चालत नाही. मागच्या वेळी पिठाच्या भांड्यावरून एवढी भांडली की शेवटी सगळं मीच केलं आणि ती दोघं टीव्हीसमोर जाऊन बसली. त्यांना खरंच करता येईल असं काय आहे?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, केक राहू दे, नानकटाई करा. केकमध्ये मुलांच्या वाट्याला येतं काय, दूध ओतायचं, दोन पळ्या ढवळायचं आणि मग पाऊण तास नुसती वाट बघायची, त्यात भांडं एकच म्हणजे भांडण ठरलेलंच. नानकटाईत वळायला गोळेच अठरा-वीस असतात, दोघांनाही पुरतं. आणि हे आपल्याकडचं जुनंच काम आहे, पूर्वी दिवाळीच्या आधी नाहीतर मे महिन्यात लोक तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत जायचे आणि भट्टीतून भाजून डबा भरून आणायचे, सासूबाईंना विचारा, त्या मुलांना छान रंगवून सांगतील.

प्रमाण सोपं आहे. 1 वाटी मैदा, पाव वाटी बेसन, 2 चमचे बारीक रवा, अर्धी वाटी घट्ट तूप, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर खायचा सोडा, वेलची-जायफळ. अंडं लागतच नाही.

खरी मेहनत तुपात आहे. तूप घट्ट, रवाळ हवं, पातळ केलेलं अजिबात नको, नाहीतर नानकटाई भाजताना पसरते आणि एकमेकींना चिकटते. परातीत तूप आणि पिठीसाखर घालून तळहाताने फेसायला मुलाला बसवा, पिवळसर तूप हळूहळू पांढरं आणि हलकं होत जातं आणि हे त्याला डोळ्यांनी दिसतं म्हणून तो कंटाळत नाही. हात दुखला की पाळी बदला, पन्नासपर्यंत मोजायचं आणि परात पुढच्याकडे सरकवायची. तोवर धाकटीला वेलची सोलायला द्या, मग मैदा-बेसन-सोडा चाळायला, चार वर्षांच्या मुलांना चाळणी फार आवडते. ओट्यावर सांडेल थोडं, खाली वर्तमानपत्र पसरा म्हणजे झालं.

पीठ नुसतं गोळा होईल एवढंच एकत्र करायचं, पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही, मळलं की नानकटाई कडक होते. फुटत असेल तर चमचाभर तूप अजून. मग हा गोळा पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये. एक मात्र आधीच सांगून ठेवा, कच्चं पीठ चाटायचं नाही, कच्च्या मैद्यातूनही पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात, अंडं नाही म्हणून बिनधास्त राहू नका.

गोळे सारखे व्हायला पोह्याचा चमचा मापाला द्या. आकार वेडावाकडा झाला तरी चालेल पण लहान-मोठे नकोत, कारण लहान आधी करपतात आणि मोठे आतून कच्चे राहतात. मुलाने वर बदामाचा काप दाबायचा, मुलीने पिस्त्याचा, म्हणजे कुठली कोणाची ते भाजल्यावरही कळतं. आणि प्लीज, तिने चपटा केलेला गोळा तिच्या मागून नीट करत बसू नका. मुलांना ते लगेच कळतं आणि मग ती उठून जातात. अंगठ्याचा ठसा उमटलेली नानकटाईच तिला आजोबांना नेऊन द्यायची असते.

गॅसचं काम मात्र तुमचंच. जाड बुडाची कढई घ्या, नॉनस्टिक नको, तळाला मीठ पसरा, त्यावर स्टँड, झाकण लावून दहा मिनिटं मंद आचेवर तापू द्या. मग तूप लावलेल्या ताटलीत गोळे अंतर ठेवून मांडा, झाकण लावा आणि वीस-पंचवीस मिनिटं आच मंदच ठेवा. वर चिरा पडल्या आणि खालून बदामी रंग आला की काढा. गरम असताना हाताला मऊ लागते म्हणून कच्ची समजून परत आत ठेवू नका, गार झाली की खुसखुशीत होते. मीठ गार करून बरणीत भरा, पुढच्या वेळी भाजायला तेच वापरता येतं, स्वयंपाकात नको.

प्रश्न: मुलीबरोबर कुकरमध्ये रव्याचा केक केला. बाजूने करपला आणि मध्ये कच्चा राहिला, ती हिरमुसली. काय चुकलं असेल?
– डोंबिवलीहून एक बाबा

उत्तर: आच मोठी असणार. कुकरमध्ये केकला मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं तरी द्यावी लागतात आणि पहिल्या अर्ध्या तासात झाकण उघडायचं नाही. भांडं तळाला टेकवू नका, खाली स्टँड हवाच, आणि कुकर पातळ असेल तर त्याच्या खाली जुना तवा ठेवा. रवा दह्या-दुधात अर्धा तास भिजलाय ना ते बघा, सोडा आणि बेकिंग पावडर अगदी शेवटी. शिट्टी आणि रिंग दोन्ही काढायची, कुकरमध्ये पाणी घालायचं नाही, हे मुलीलाही समजावून सांगा. आणि सुरी घालून बघायचं काम तिला द्या, केक बाहेर काढून ओट्यावर ठेवल्यावर, सुरी बिनधारेची. ओली निघाली तर परत दहा मिनिटं आत.