पेंचजवळ घरगुती पर्यटकनिवास

प्रश्न : पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी प्रवेशद्वाराजवळ आमचे वडिलोपार्जित घर आहे. तेथे पर्यटकांसाठी निवास सुरू करण्याचा आम्हा उभयतांचा विचार आहे. त्यासाठी कर्ज काढून आठ खोल्या बांधाव्यात का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : इतक्यात बांधू नका. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते आणि पाहुण्यांची वर्दळ ओसरते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आहे त्याच घरातील दोन खोल्या व स्वच्छतागृह नीट करून, राज्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करून सुरुवात करावी आणि पहिल्या हंगामाचा जमाखर्च हाती आल्यावरच पुढचे पाऊल टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाघ दिसणे कोणाच्याच हाती नसते. पण २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंचला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (कृत्रिम उजेड कमी ठेवून रात्रीचे तारांकित आकाश जपणारे क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली, ही आपल्यासाठी फार मोलाची गोष्ट आहे. अंगणातील प्रखर दिवा काढून वरून झाकलेले मंद, पिवळसर दिवे लावा, गच्चीवर बाजा टाका आणि हिवाळ्यातील निरभ्र रात्री मृग नक्षत्र, कृत्तिका ओळखून दाखवणारा गावातील एखादा तरुण मानधनावर नेमा. जेवणात वडाभात, झुणका-भाकरी असू द्या. पनीर शहरातही मिळते.

आरक्षण संकेतस्थळांचे कमिशन दर ठरवतानाच हिशेबात धरा. सफारीचे आरक्षण वेगळे करावे लागते, हे खोली नोंदवतानाच पाहुण्यांना लेखी कळवा.