100 मीटर फ्रीस्टाइल 1:32 वर अडकलंय. पस्तिशीत वेग वाढतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 34, नोकरी जळगावात, लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकलात, दोन वर्षांपासून मास्टर्स, म्हणजे मोठ्यांच्या वयोगटवार, स्पर्धांत उतरता. वर्षभर रोज दीड किलोमीटर पोहूनही 100 मीटर फ्रीस्टाइलची वेळ 1:32 (1 मिनिट 32 सेकंद) च्या खाली येत नाही. मग जिम लावू का, असं विचारलंय.

जिम नंतर लावा. आधी डोकं खाली घाला.

गमतीने म्हणत नाही. मीही विहिरीतलाच. एरंडोल तालुक्यात आमच्या शेतात विहीर होती. आजोबांनी पाठीला वाळका भोपळा बांधून मला आत ढकललं आणि वरून ओरडले, “डोकं वर ठेव रे भो, नही ते नाकमा पानी जाई!” विहिरीत ते बरोबरच होतं. कपार कुठे आहे, पायऱ्या कुठल्या अंगाला, वरून कोण मुटका मारतोय, हे सगळं बघतच पोहावं लागतं. पण तीच सवय घेऊन मी 39 व्या वर्षी टँकमध्ये उतरलो. डोकं वर राहिलं की कंबर बुडते, पाय त्याच्याही खाली जातात, आणि माणूस पाण्यावर आडवा राहण्याऐवजी तिरपा होऊन वखरासारखा ओढला जातो. तेव्हा माझे 100 मीटर 1:41 ला व्हायचे. दमसास भरपूर होता, शेतातली कामं केलेले खांदे होते, तरी 1:34 ला येऊन गाडी वर्षभर तिथेच रुतली. आता 46 व्या वर्षी 1:18 आहे आणि खांदे पूर्वीपेक्षा बारीक आहेत.

याचं गणित समजून घ्या म्हणजे जिमचा प्रश्न आपोआप सुटेल. पाणी हवेपेक्षा साधारण 800 पट घन. वेग वाढवला की पाण्याचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि लागणारी ताकद जवळपास घनाच्या. तुम्हाला 1:32 वरून 1:22 वर यायचं असेल तर वेग सुमारे 12 टक्के वाढवावा लागेल. अंगाची ठेवण आत्ता आहे तशीच ठेवून हे करायचं तर ताकद 40 टक्क्यांहून जास्त लागेल. ती कुठून आणणार? त्यापेक्षा विरोध कमी करणं स्वस्त पडतं. नजर सरळ तळाकडे, मान मोकळी, छाती किंचित पाण्यात दाबलेली. पहिले काही दिवस आपण उतारावर पोहतोय असं वाटेल. वाटू द्या.

दुसरी खोड हाताची, आणि ती मला स्वतःला कधीच सापडली नसती. टँकवर शिकवायला एक मुलगा असतो, माझ्या निम्म्या वयाचा. त्याने एका सकाळी बाजूने आणि समोरून माझा व्हिडिओ काढला आणि काठावर बसवून दाखवला. डावा हात डोक्याच्या पुढून पार उजव्या बाजूला जात होता, त्यामुळे अख्खं अंग सापासारखं वळत होतं. आणि हात पाण्यात गेला की कोपर आधी खाली पडत होतं. तो म्हणाला, “अप्पा, तुम्ही पानी मांगे नही, खाले दाबी ऱ्हायनात.” खरंच होतं. पाणी खाली दाबलं की अंग वर उचललं जातं, पुढे जात नाही. पाणी मागे ढकललं तरच पुढे जाणार.

कोपर वर ठेवा असं सगळेच सांगतात, पण म्हणजे नेमकं काय? टँकच्या काठावर दोन्ही पंजे टेकवून शिडीशिवाय वर येऊन बघा. पंजे खाली, कोपरं वर आणि थोडी बाहेर, हाताचा कोपरापासून पंजापर्यंतचा भाग उभा. तीच ठेवण पोहताना, हात पुढे पूर्ण लांबवल्यानंतर लगेच यायला हवी. बोटं तळाकडे वळतात, पंजा आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग मिळून एक वल्हं होतं, आणि मग ओढ. ही जाणीव यावी म्हणून मुठी मिटून 25 मीटर पोहा, लगेच पंजे उघडून 25 मीटर पोहा. मुठी मिटल्यावर पंजा कामाचा राहत नाही, म्हणून मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग आपोआप पाणी धरायला शिकतो. मी हे रोज आठ वेळा, तीन महिने केलं. कंटाळवाणं आहे, पण मला सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला.

हे जमतंय की नाही ते कळायला हात मोजा. मला 25 मीटरला 26 हात लागायचे, आता सरावाच्या वेगात 19 लागतात. आकडा कमी करायच्या नादात मधेच हात लांबवून पडून राहू नका. तेवढ्यात वेग पडतो आणि पुन्हा ढकलावं लागतं. आमच्याकडच्या एकाने 15 हातांवर आणलं, बघायला सुंदर, पण वेळ उलट चार सेकंदांनी वाढली. हात आणि सेकंद यांची बेरीज करा आणि ती बेरीज उतरतेय का ते बघा.

श्वासाबद्दल एवढंच: पाण्यात असताना नाकातोंडातून सतत सोडत राहा, म्हणजे बाहेर फक्त घेणं उरतं. घेताना गॉगलची एक काच पाण्यातच राहिली पाहिजे.

किक हे आपल्या विहीरवाल्यांचं खरं दुखणं. आपण गुडघ्यातून सायकल चालवतो. मला पहिल्यांदा किकबोर्ड (हातात धरून नुसते पाय मारायची तरंगती फळी) दिला तेव्हा मी अर्धा मिनिट जिथल्या तिथे फेस काढत होतो, शेजारच्या लेनमधली आठ वर्षांची मुलगी थांबून बघत होती. किक मांडीपासून, लहान, आणि घोटा सैल. मोठेपणी घोटे कडक झालेले असतात, म्हणून रोज दोन मिनिटं वज्रासनात बसा. गुडघे दुखत असतील तर मात्र नको. त्यासाठी खुर्चीवर बसून पाऊल हाताने ताणलं तरी चालतं.

भिंत फुकटचा वेग देते, आणि विहिरीत ती कधी वापरलेलीच नसते. 25 मीटरच्या टँकमध्ये 100 मीटरला तीन टर्न येतात. भिंतीवरून जोर लावून निघताना तळहातावर तळहात, दंड कानाला चिकटलेले, हनुवटी आत. एका टर्नला अर्धा सेकंद वाचला तरी दीड सेकंद झाला. नियमाने 15 मीटरच्या आत डोकं वर यायला हवं, पण आपल्यासारख्यांना 5-6 मीटर नीट गेलं तरी पुष्कळ. आणि शेवटच्या पाच मीटरमध्ये श्वास घेऊ नका, भिंतीला हात पूर्ण लांबवून लावा. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डारा टॉरेसचं 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण 0.01 सेकंदाने गेलं, तेव्हा ती 41 वर्षांची होती. आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2018 च्या एशियाडमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य तेवढ्याच फरकाने हुकला, आणि तेही मधली काही वर्षं तहसीलदारकीत घालवून पाण्यात परतल्यावर. तुमच्या 1:32 मध्ये असे शंभरावे भाग किती सांडत असतील बघा.

आता सराव. रोज एकाच वेगात दीड किलोमीटर पोहून तुम्ही तोच एक वेग पाठ करताय. आठवड्यात चार दिवस पुरेत. आधी एकदा 400 मीटर आणि 200 मीटर जीव लावून पोहा, दोन्ही वेळांमधल्या फरकाला दोनने भागा. समजा 7:20 आणि 3:28 आले, तर फरक 3:52, म्हणजे 100 ला 1:56. त्या वेगात 100 मीटर आठ वेळा, मधे 15-20 सेकंद विश्रांती. हे आठवड्यातून एकदा. दोन दिवस वर सांगितलेली हात-किकची कामं. आणि एक दिवस 25 मीटर बारा वेळा, प्रत्येक 20 सेकंदांत, मधे 40 सेकंद थांबून. वेळ घसरली किंवा हात दोनने वाढले की त्या दिवशी तिथेच थांबा. दमलेल्या अंगाने घोटवलेली चूक पक्की होते. खांद्यात टोचायला लागलं तरी थांबा.

उन्हाळ्यात हा वेगाचा दिवस पहाटेच ठेवा. स्पर्धेच्या टँकचं पाणी 25 ते 28 अंश असतं, आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी टँकमध्ये उतरलं की बंबातल्या पाण्यात उतरल्यासारखं होतं. पाण्यात असलो तरी घाम येतो, तो दिसत नाही एवढंच. बाटली काठावर ठेवा. सरावानंतर केळी आहेतच, त्याला काय तोटा. स्पर्धेच्या आदल्या रात्री मात्र शेवभाजी टाळा. नाशिकला मी ती चूक केलीय आणि तिसऱ्या टर्नला ती घशापर्यंत आली होती.

डिसेंबरात 35 पूर्ण होतील असं लिहिलंय, त्यावरून एक गोष्ट. जागतिक मास्टर्स नियमांत वय स्पर्धेच्या वर्षाच्या 31 डिसेंबरचं धरतात, म्हणजे त्या हिशेबाने तुम्ही याच वर्षी 35-39 गटात. अर्ज भरताना आयोजकांना विचारून घ्या. आणि ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या उंच चौथऱ्यावरून, सूर मारायची भीती वाटत असेल तर मास्टर्समध्ये काठावरून किंवा पाण्यातून भिंतीला जोर लावूनही सुरुवात करता येते. मी पहिल्या दोन स्पर्धा तशाच पोहलो.